लोखंडाखालचा कापूस : चिलखतापासून दुचाकीस्वाराच्या जॅकेटापर्यंत

१/
दुचाकी चालवताना घालायच्या जाड जॅकेटात खांदा, कोपर आणि पाठ या ठिकाणी आतून खिसे असतात. त्या खिशांत रबरासारखे मऊ, हाताने वाकणारे तुकडे बसवलेले असतात. दुकानदार त्यांना ‘आर्मर’ म्हणतात. आर्मर म्हणजे चिलखत. परंतु त्या तुकड्यात लोखंडाचा कणही नसतो आणि तलवारीचा वार तो क्षणभरही अडवू शकणार नाही. मग त्याला चिलखत म्हणणे कितपत योग्य आहे? आजचा धागा याच प्रश्नाविषयी.

२/
प्रश्न आजचा असला तरी उत्तर बरेच मागे जाते, आणि त्यातला मोठा भाग छत्रपती संभाजीनगरच्या परिसराशी जोडलेला आहे. १६१० साली मलिक अंबरने खडकी येथे हे नगर वसवले, ते घोडेस्वारांच्या बळावर. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी याच शहरालगत वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. एकाच भूमीने घोड्यावरचा स्वार पाहिला आणि मोटारसायकलवरचाही.

३/
प्रथम शब्दांकडे पाहू. मध्ययुगीन दख्खनमध्ये अंगाच्या रक्षणासाठी बख्तर, जिरह, चिलखत असे अनेक शब्द प्रचारात होते. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त शस्त्रागाराच्या यादीत ‘चिहलकद’ नावाचे एक वस्त्र येते. आपला ‘चिलखत’ हा शब्द याच फारसी शब्दकुळातला मानला जातो. फारसीत ‘चिहल’ म्हणजे चाळीस. लोखंडी कड्यांच्या पोशाखाच्या नावात चाळीस हा आकडा कशासाठी, हे थोड्या वेळाने पाहू.

४/
कड्यांचे चिलखत म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या लोखंडी कड्यांचे विणकाम. चांगल्या प्रतीच्या चिलखतात प्रत्येक कडी चार शेजारणींत अडकवलेली असते आणि तिची टोके बारीक रिवेट ठोकून बंद केलेली असतात. असा अंगरखा साधारण दहा किलोच्या आसपास भरतो. तो अंगाबरोबर वळतो, त्यातून हवा खेळते, आणि धारदार पात्याला तो शरीरात शिरू देत नाही. चिरण्यापासून बचाव हे त्याचे मुख्य काम.

५/
हे काम किती मोलाचे होते, याचे उदाहरण महाराष्ट्राला पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. परंपरेनुसार शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोक्यावरील वस्त्राखाली लोखंडी टोप घातला होता. अफझलखानाने केलेला कट्यारीचा वार अंगात शिरला नाही. इथे धोका होता तो टोकदार पात्याचा, जवळून केलेल्या वाराचा. अशा वाराविरुद्ध कड्यांच्या चिलखतासारखा दुसरा सोबती नाही.

६/
परंतु त्याच काळाच्या शस्त्रागारांत आणखी एक हत्यार आढळते : गुर्ज. लोखंडी दांडा आणि टोकाला जड, पाकळ्यांचा गोळा. त्याला धार नसते. ज्याच्या अंगावर कापता न येणारे लोखंड आहे, त्याला कापण्याचा नाद सोडून ठेचायचे, हा गुर्जामागचा विचार. कड्या तुटल्या नाहीत तरी खाली फासळी मोडते, खांदा निखळतो. चिलखत शाबूत आणि आतला माणूस जायबंदी, असा प्रकार त्यामुळे संभवत असे.

७/
याचे कारण साधे आहे. कड्यांचे विणकाम लवचीक असते, त्यामुळे आदळलेल्या वस्तूचा जोर त्यातून जवळजवळ जसाच्या तसा आत उतरतो. वार आणि आघात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वार म्हणजे धारेने किंवा टोकाने शरीर उघडणे. आघात म्हणजे शरीराच्या एखाद्या भागाचा वेग क्षणार्धात बदलणे. पहिल्यासाठी कठीण पदार्थ लागतो. दुसऱ्यासाठी दबणारा पदार्थ लागतो. पुढचा सगळा धागा या एका भेदावर उभा आहे.

८/
आता ते चाळीस. मुघल आणि दख्खनी सैन्यांत ‘चिलता’ नावाचा जाड अंगरखा वापरला जात असे. या नावाचे मूळ ‘चिहल-तह’, म्हणजे चाळीस पदर, असे सांगितले जाते. कापडाचे थर एकावर एक रचून रजईसारखे शिवायचे, काही वेळा मध्ये कापूस भरायचा. त्याचा श्रीमंती अवतार म्हणजे ‘चिलता हजार माशा’ : मखमलीवर शेकडो पितळी खिळे जडवलेला, ‘हजार खिळ्यांचा’ अंगरखा. दुरून धातू चमके, पण अंगाला लागून असे ते कापडच.

९/
कड्यांच्या चिलखताखालीही असे जाड अस्तर असावे लागे. लोखंड धार अडवी आणि अस्तर दाबले जाऊन धक्का पसरवून टाकी. चिलखत ही एक वस्तू नसून दोन वस्तूंची जोडी होती. संग्रहालयात मात्र आपल्याला बहुधा लोखंडच दिसते, कारण कापड कुजते, कसर खाते, उंदीर कुरतडतात. जे टिकले तेच महत्त्वाचे होते, असा आपला समज होतो. भौतिक साधनांवरून इतिहास लिहिताना हा सापळा सतत समोर येतो.

१०/
कापूस हे तर या भूमीचे धन. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून भडोचच्या बंदराकडे कापड जात असल्याची नोंद आहे. त्याहून बरेच आधी हेरोडोटसने इराणी सम्राट झर्क्सिसच्या सैन्यातील भारतीय सैनिकांचे वर्णन करताना त्यांची सुती वस्त्रे टिपली आहेत.

११/
हा शोध एकट्या भारताचा नव्हे. युरोपातील योद्धे चिलखताखाली जो भरलेला अंगरखा घालत, त्याचे एक नाव ‘अ‍ॅकेटन’. ते आले अरबी ‘अल-कुतुन’वरून, म्हणजे कापूस. ११९१ साली अर्सूफच्या लढाईच्या वेळी सलाउद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने लिहून ठेवले आहे की शत्रूचे पायदळ जाड पोशाखांत बाण रुतलेले असतानाही शांतपणे चालत होते. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक योद्ध्यांची सुती चिलखते पाहून स्पॅनिश सैनिकांनीही ती अंगावर चढवली.

१२/
हीच समज ढालीतही दिसते. आपल्या गोल ढालीची बाहेरची बाजू आपण पाहतो : गेंड्याचे किंवा म्हशीचे कातडे, वर चार फुल्या. ढाल उलटून पाहा. त्या चार फुल्यांच्या मागे कड्या असतात, कड्यांत पट्टे असतात आणि मधोमध एक छोटी चौकोनी गादी असते. मूठ त्या गादीवर टेकते. ढालीवर पडलेला घाव थेट बोटांच्या सांध्यांवर उतरू नये, म्हणून ती गादी. आजच्या जॅकेटातील तुकड्याची ती सख्खी पूर्वज म्हणायला हरकत नाही.

१३/
आणखी एक पूर्वज म्हणजे ‘चार-आईना’. फारसीत अर्थ : चार आरसे. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर बांधायचे चार पोलादी पत्रे, कड्यांच्या चिलखतावरून. हातांना दस्ताने, डोक्याला टोप. सगळे अंग सारख्याच जाडीच्या धातूने मढवले तर माणूस हलूच शकणार नाही. म्हणून जिथे मार बसण्याची शक्यता अधिक किंवा जिथला मार जिवावर बेततो, तिथे अधिक संरक्षण आणि इतरत्र कमी. शरीराचा हा नकाशा पुढे पुन्हा भेटेल.

१४/
घोड्यालाही चिलखत असे, त्याला पाखर म्हणत. ‘मायेची पाखर’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा घोड्याचे किंवा हत्तीचे युद्धातले आवरण आपल्या ध्यानीमनीही नसते. भाषेने लोखंड विसरून त्यातली राखण तेवढी जपली.

१५/
मग प्रत्येक स्वाराने सर्व अंग का झाकले नाही? इथे मलिक अंबर येतो. मुघलांच्या जड, चिलखतधारी घोडदळाशी समोरासमोर झुंजणे निजामशाहीला परवडणारे नव्हते. अंबरने मराठा स्वारांच्या हलक्या घोडदळाचा आधार घेतला : रसद तोडायची, छावणीला हैराण करायचे, शत्रू फिरला की पसार व्हायचे. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांचा संयुक्त पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते.

१६/
या युद्धपद्धतीत वेग हेच चिलखत होते. दहा किलो लोखंड, त्याखाली जाड अस्तर आणि डोक्यावर दख्खनचा उन्हाळा, हे ओझे लांबच्या दौडीत घोड्यालाही नकोसे. हलक्या स्वाराने संरक्षणाचा काही भाग सोडून चपळाई विकत घेतली. सौदा शहाणपणाचा होता, कारण त्याला शत्रूच्या वारापासून दूर पळता येत होते. या शेवटच्या वाक्याकडे लक्ष असू द्या. आजच्या स्वारासाठी नेमके तेच खरे नाही.

१७/
दुसरे कारण पैशाचे. मराठा घोडदळात स्वारांचे दोन मुख्य वर्ग होते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई, नुकसान झाले तर तेही त्याचेच. रिवेट मारलेल्या कड्यांचे चिलखत ही महागडी वस्तू, मुख्यतः सरदार-मानकऱ्यांच्या अंगावर दिसणारी. सामान्य स्वाराच्या वाट्याला जाड बंडी आणि नशीब. संरक्षणाला नेहमीच किंमत होती आणि ती कोणी भरायची हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

१८/
मग बंदुका आणि तोफा सुधारत गेल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असई येथे शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजी फौजेचे भयंकर नुकसान केले आणि स्वतः वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे निकामी झाले. अशा माऱ्यापुढे लोखंडी कड्या काय टिकणार? एकोणिसाव्या शतकात चिलखत रणांगणावरून दरबारात आणि दरबारातून संग्रहालयात गेले. आपल्या शहरातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही जुना युद्धपोशाख पाहायला मिळतो.

१९/
कथा इथे संपली असती. पण १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डायम्लर यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन बसवले. वाळूजचा कारखाना सुरू झाला त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी. घोड्याची जागा यंत्राने घेतली आणि स्वाराचा शत्रूही बदलला. समोर आता तलवार नव्हती. खाली रस्ता होता : कठीण, खरखरीत आणि कधीही न चुकणारा. रस्ता दोन गोष्टी करतो. तो घासतो आणि तो आदळतो.

२०/
आघाताची पहिली दखल डोक्यापासून घेतली गेली. १९१४ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्स धावपट्टीवरील डॉक्टर एरिक गार्डनर यांनी डोक्याला मार लागलेले स्पर्धक पाहून कॅनव्हास आणि लाखेचे शिरस्त्राण तयार करवले. आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचे झाले. स्पर्धकांना ही सक्ती फारशी रुचली नव्हती. चिलखताविषयी स्वाराची नाराजी जुनीच आहे.

२१/
१३ मे १९३५. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले, डोक्याला जबर मार लागला आणि सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी तिथे कायदा व्हायला मात्र १९७३ उजाडले.

२२/
खरी कलाटणी १९५३ साली मिळाली. अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड आणि हर्मन रॉथ यांना अशा हेल्मेटचे पेटंट मिळाले, ज्याच्या कठीण कवचाखाली चिरडला जाणारा जाड थर होता. डोके आदळले की तो थर दबतो, स्वतः मोडतो आणि मोडता मोडता धक्का गिळतो. म्हणूनच एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी निकामी समजावे. वर कठीण, खाली दबणारे : चिलखत आणि चिलता यांची जुनी जोडी नव्या पदार्थांत पुन्हा जन्माला आली.

२३/
अंगाच्या बाबतीत मात्र अर्धीच जोडी होती. १९२८ साली न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीने ‘परफेक्टो’ हे चामड्याचे जॅकेट खास मोटारसायकलस्वारांसाठी आणले. चामडे घर्षण सोसते, त्यामुळे डांबरावर घसरताना कातडी वाचते. पण आदळलेल्या खांद्याला चामडे काही करू शकत नाही. म्हणजे कड्यांच्या चिलखताची जी उणीव, तीच चामड्याची : पृष्ठभाग शाबूत, आत हाड मोडलेले.

२४/
१९७५ साली अमेरिकेतील डेटोना येथे सराव करताना ब्रिटिश शर्यतपटू बॅरी शीन प्रचंड वेगात पडले. मांडीच्या हाडासह अनेक हाडे मोडली. ते पुढे दोनदा जगज्जेते झाले. याच दशकाच्या अखेरीस इटलीतील लिनो दायनेसे यांच्या कंपनीने पाठीच्या कण्यासाठी एक कवच तयार केले, ते आरंभी वापरणाऱ्यांत शीन होते. एकमेकांवर सरकणाऱ्या पट्ट्यांचे हे कवच म्हणजे शेवंडीच्या पाठीची नक्कल, आणि त्याचे टोपणनावही तेच पडले. सांधलेल्या पत्र्यांची चिलखते पाहिलेल्याला हे रूप ओळखीचे वाटेल.

२५/
पुढची पायरी पदार्थविज्ञानाची. कॉर्नफ्लोअर पाण्यात घट्टसर कालवून पाहा. हळूच बोट घाला, ते सहज आत जाते. जोरात ठोसा मारा, तो थर घट्ट होतो. १९९९ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या ‘डीथ्रीओ’ या कंपनीने याच गुणधर्माचा मऊ पदार्थ बाजारात आणला. एरवी तो अंगाबरोबर वाकतो, पण आघाताच्या क्षणी आवळतो आणि धक्का मोठ्या क्षेत्रावर पसरवतो. अस्तरालाच जणू कवचाचे काम शिकवले गेले. जॅकेटाच्या खिशातला तो तुकडा अनेकदा अशाच प्रकारचा असतो.

२६/
पण तुकडा खरोखर काम करतो, हे ठरवायचे कसे? त्यासाठी ‘ईएन १६२१’ ही युरोपीय मानके आहेत. खांदा, कोपर, गुडघा यांच्या तुकड्यांसाठीचा पहिला भाग १९९७ साली आला. चाचणीत साधारण ५ किलोचे वजन सुमारे १ मीटर उंचीवरून तुकड्यावर पाडतात. ही ऊर्जा होते ५० ज्यूल. तुकड्याखाली किती बल पोहोचले, ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर पहिली पातळी, २० पर्यंत असेल तर दुसरी. पाठीच्या कवचासाठी मर्यादा अधिक कडक : १८ आणि ९.

२७/
यातले गणित समजून घेण्यासारखे आहे. थांबायला जितके अंतर मिळते, तितके सरासरी बल कमी. ५ मिलिमीटरऐवजी १५ मिलिमीटरमध्ये थांबलात तर बल एक-तृतीयांशावर येते. चाळीस पदरांचा चिलता हेच करत होता. फक्त ते मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते. तुकड्याची जाडी ही शोभा नसून काम आहे, हे यावरून कळावे. काही स्वस्त जॅकेटांत आत सारला जाणारा पातळ साधा स्पंज दिसायला आर्मरसारखाच असतो, पण त्याला दबायला जागाच नसते.

२८/
कोणी विचारील : मी ताशी ६० किलोमीटरने जातो, मग १ मीटरवरून वजन पाडून काय सिद्ध होते? बहुतेक पडण्यांत स्वार वेगाने पुढे घसरतो, पण जमिनीवर आदळतो तो आसनाच्या उंचीवरून. आडवा वेग कापड किंवा चामडे घासून झेलते, उभा धक्का हा तुकडा झेलतो. केंब्रिजच्या रॉडरिक वुड्स यांनी अपघातात वापरलेले पोशाख तपासून अंगाचे विभाग पाडले : कुठे आघात अधिक, कुठे घर्षण अधिक. चार-आईन्याच्या कारागिराने अनुभवाने जे जाणले होते, त्याचाच हा शास्त्रीय नकाशा.

२९/
मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. स्वार थेट दुभाजकावर, खांबावर किंवा ट्रकवर आदळला, तर सेंटिमीटरभर जाडीचा तुकडा त्याला वाचवील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तरीही त्याचा उपयोग ठोस आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांची पाहणी होती. दुचाकीचे खास जॅकेट, पँट आणि हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. त्याच अभ्यासात सुमारे ३० टक्के जॅकेटे अपघातात फाटली किंवा निकामी झाली, हेही नोंदले आहे.

३०/
शर्यतीच्या जगात याहून पुढचे पाऊल पडले आहे. २०१८पासून मोटोजीपीत स्वारांच्या पोशाखात एअरबॅग सक्तीची आहे. स्वार आसनावरून फेकला जात आहे हे संवेदक ओळखतात आणि जमिनीला टेकण्यापूर्वीच खांद्याभोवती हवा भरली जाते. लोखंडाखाली कापूस आला, कापसाच्या जागी फोम आला, आणि आता निव्वळ हवा. दबणारे अस्तर जितके हलके होत गेले, तितके प्रभावी होत गेले.

३१/
आता परत आपल्या गावी. मराठवाड्यात जॅकेटाला पहिला आक्षेप असतो उन्हाचा, आणि तो खोटा नाही. चाळिशी ओलांडलेल्या तापमानात जाड पोशाख अंगावर ठेवणे ही शिक्षाच. मलिक अंबरचा हलका स्वार आठवतो. पण त्याला वारापासून दूर पळता येत होते. दुचाकीस्वाराला रस्त्यापासून पळता येत नाही, रस्ता कायम त्याच्या खालीच असतो. वेग त्याचे चिलखत होऊ शकत नाही. त्यामुळे जाळीदार कापडाचे, हवा खेळणारे, पण तुकडे शाबूत असलेले जॅकेट हाच आपल्या हवेला जमणारा मधला मार्ग.

३२/
उन्हाचा आणखी एक परिणाम कमी लोकांना ठाऊक असतो. असे मऊ तुकडे उष्णतेने अधिक मऊ पडू शकतात आणि मग त्यांची आघात झेलण्याची शक्ती घटते. म्हणून मानकात एक ऐच्छिक चाचणी आहे : तुकडा ४० अंश सेल्सिअसला तापवून तीच परीक्षा. तो उत्तीर्ण झाला तर त्यावर ‘टी’ आणि अधिकचे चिन्ह येते. युरोपात हे खास प्रसंगासाठी असेल. आपल्याकडे मात्र हे एप्रिल-मे महिन्यांचे नित्याचे हवामान आहे.

३३/
कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८चे कलम १२९ डोक्याच्या संरक्षणाविषयी बोलते. १ जून २०२१पासून दुचाकीच्या हेल्मेटवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्हही बंधनकारक आहे. खांदा, पाठ, गुडघा यांविषयी त्या कलमात काही नाही. आणि डोक्याचा धडाही अजून पुरता गिरवलेला नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचे प्राण गेले. त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९.

३४/
या आकड्यांमागे कोण आहे? हौसेने लडाखला जाणाऱ्याकडे बहुधा सगळा साज असतो. ज्याचा दिवस रस्त्यावर जातो, त्याच्या अंगात मात्र शर्ट असतो : पाळी संपवून रात्री वाळूजहून परतणारा कामगार, शंभर सीसीच्या गाडीवर तालुक्याच्या गावी जाणारा शेतकरी, घरोघरी सामान पोहोचवणारा तरुण. या तरुणाची गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, मोबाइल स्वतःचा, पडझडही स्वतःचीच. सतराव्या शतकाने त्याला ओळखले असते. तो शिलेदार आहे, आणि शिलेदाराच्या चिलखताचा खर्च आजही त्याच्याच माथी आहे.

३५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने म्हणून एवढे सुचवतो : जॅकेट घेताना आतला तुकडा बाहेर काढा आणि त्यावरचा मजकूर शिलालेखासारखा वाचा. मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, ईएन १६२१, त्यापुढे भागाचा क्रमांक, पातळी १ की २. रोमन लिपीतले एस म्हणजे खांदा, ई म्हणजे कोपर, के म्हणजे गुडघा, एच म्हणजे कंबरेची बाजू. काहीच कोरलेले नसेल तर तो निव्वळ स्पंज समजावा. पाठीच्या खिशात बऱ्याचदा असा बिनानावाचा पत्रावळीसारखा तुकडा सारलेला असतो, तो आधी बदला. आणि तुकडा नेमका सांध्यावर बसतो का, हे गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करून पाहा. सरकणारे चिलखत ऐन वेळी भलत्याच जागी असते.

३६/
सुरुवातीचा प्रश्न : या मऊ तुकड्याला चिलखत म्हणावे का? म्हणावे, आणि नि:संकोच म्हणावे. चिलखताच्या जोडीतला जो भाग संग्रहालयापर्यंत पोहोचला नाही, जो कसरीने खाल्ला, ज्याच्याकडे आपण पाहिलेच नाही, तोच हा. लोखंडाला मान मिळाला, हाडे मात्र अस्तराने राखली. ते अस्तर सरदाराबरोबर साध्या स्वाराच्या अंगावरही असावे, एवढेच काम आता उरले आहे. कोण घरातून गाडी काढत असेल तर त्याच्यावर मायेची पाखर घाला, पण ती ईएन १६२१ची असू द्या.

(धागा समाप्त. पुढच्या आठवड्यात : दौलताबादच्या तोफा कशा ओतल्या जात.)